बाहेरचं म्हणजे कुणाच्या हातचं?
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

मी तुमच्यातलीच. माझं माहेर पाटण तालुक्यातलं आणि सासर मुंबईला, लालबागमध्ये. लग्न झाल्यावर बाहेरून बी.ए. केलं आणि आता परळ-लालबाग भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम बघते. गेल्या महिन्यात माहेरी आले होते तेव्हा इथल्या गटाच्या बैठकीला बसले. बैठक संपल्यावर चहा पिता पिता एका काकींनी मला विचारलं, "काय गं, तुमच्या मुंबईत बायका चूलच पेटवत न्हाईत म्हणं? सकाळी वडापाव, रात्री हाटेल, अन् सणाला पुरणपोळीबी इकत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण गाडीत बसल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण काकी म्हणाल्या ते निम्मं खरं आहे, आणि आमच्या घरात गौरीच्या विकतच्या पुरणपोळ्यांवरून दोन दिवस अबोला झालेला आहे. म्हणून रेडिओवरच्या ताईंनी "काहीतरी बोल" म्हटल्यावर मी हाच विषय घेतला. मुंबईतली आपली मराठी माणसं बाहेर काय खातात, सण कसे करतात आणि त्या सगळ्यात बाई कुठे असते, हे आज सांगते.

आधी एक दिवस कसा जातो ते ऐका. आमची खोली चाळीतली, दहा बाय बाराची. त्यातच मोरी, त्यातच ओटा. घरात पाच माणसं. सकाळी डबे होतात, पोळी-भाजी घरातच होते. तेव्हा काकी, चूल पेटते बरं का. पण कामावर जाणारा माणूस दोन-दोन तास गाडीत लोंबकळत जातो, मधल्या भुकेला त्याला काहीतरी लागतं. ते म्हणजे वडापाव. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य नावाच्या गृहस्थांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मुंबईत सगळे सांगतात. एका हातात मावतो, उभ्याउभ्या खाता येतो, ताट-वाटी लागत नाही. गिरणीच्या पाळीला धावणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे?

निवांत बसून खायचं असेल तर दादर आणि गिरगावातली मराठी उपाहारगृहं आहेत. दादर स्टेशनाजवळ मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० सालापासूनचं. गिरगावात ठाकूरद्वारला विनय हेल्थ होम मिसळीसाठी प्रसिद्ध. दादरला शिवसेना भवनाच्या समोर आस्वाद आहे. त्यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वांत चांगला शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं. आपण मटकीला मोड आणतो, कट करतो, वर फरसाण टाकतो, तीच मिसळ. या उपाहारगृहांच्या पाटीवर काय असतं? थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, अळूवडी, पियुष, खरवस. म्हणजे तुम्ही-आम्ही घरी करतो तेच सगळं. परळ-लालबागकडे वळलात तर भारतमाता सिनेमाजवळ लाडू सम्राट आहे, चिवड्याची अख्खी गल्ली आहे, मालवणी मासळीची हॉटेलं आहेत. माटुंग्याला गेलात तर केळीच्या पानावर उडप्याचं जेवण मिळतं.

आता मुद्दा बघा. "बाहेरचं खाणं" म्हटलं की आपल्याला वाटतं ही आजची थेरं. पण मुंबईतला मराठी माणूस पहिल्यापासून बाहेरच जेवत आला. का? कारण तो बायको-पोरं गावाला ठेवून आला होता. आपल्या साताऱ्याचा, रत्नागिरीचा, सिंधुदुर्गाचा गडी गिरणीत लागायचा. एकेका खोलीत पंधरा-वीस गडी. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी झोपायला यायची. तिथे त्याला भाकरी कोण देणार? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका देत होत्या. चाळीतली एखादी बाई दहा-बारा गड्यांचं दोन वेळचं जेवण करायची आणि महिन्याला पगार झाला की गडी पैसे द्यायचे.

म्हणजे हे बाहेरचं जेवण बाईच्याच हातचं होतं. तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत, तिच्याच स्टोव्हवर शिजलेलं. फक्त तिला कुणी हॉटेलवाली म्हणत नव्हतं. "घरी बसून चार माणसांचं करते," एवढंच म्हणायचे.

माझ्या सासूबाई अशाच एक. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते. आत्या १९७७ साली लग्न होऊन लालबागला आल्या आणि दोन वर्षांत त्यांनी खानावळ सुरू केली. बारा गडी. प्रत्येकाला दोन वेळेला चार-चार पोळ्या-भाकरी धरा, म्हणजे रोज शंभराच्या घरात. पहाटे साडेतीनला नळाला पाणी यायचं तेव्हा उठायचं. पहिल्या पाळीच्या गड्यांचा डबा सहाच्या आत तयार पाहिजे. रात्रपाळीचे सकाळी येणार, त्यांना गरम पाहिजे. रविवारी मटण, सणाला गोड. मला आत्या सांगतात, "पोरी, तव्यावरची पोळी उलथताना डुलकी लागायची. हात भाजला की जाग यायची."

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपल्या भागातल्या कित्येक घरांतून अजून त्या संपाचं नाव निघालं की माणसं गप्प होतात. पगार थांबले, पण भूक थांबत नाही. गडी जेवायला यायचे आणि मान खाली घालून बसायचे. आत्यांनी पहिले काही महिने उधारीवर सगळ्यांना घातलं. मामंजींचाही पगार बंद होता, कारण तेही गिरणीतच. दुकानदाराची उधारी वाढली, तेव्हा आत्यांनी हातातल्या पाटल्या सावकाराकडे ठेवल्या. त्या परत आल्या नाहीत. एकेक गडी गावाला निघून गेला. काहींनी नंतर पैसे पाठवले, काहींना जमलं नाही. आत्यांची ती वही अजून ट्रंकेत आहे. सात नावांपुढे बाकी लिहिलेली आहे. "त्यांनी बुडवलं असं म्हणू नकोस," आत्या सांगतात. "त्यांचंच बुडालं होतं."

आता या गोष्टीचा दुसरा भाग सांगते. गटाच्या बायकांनो, तो तुमच्या कामाचा आहे.

१९७५ साली, म्हणजे त्या संपाच्या सात वर्षं आधी, प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या. त्यांनी बघितलं की या बायका हजारो कामगारांना जेवू घालतात, पण किराणा भरायला त्यांना सावकाराच्या दारात जावं लागतं. गहाण ठेवायला काही नाही म्हणून बँक उभी करत नाही. मग प्रेमाताईंनी बायकांचे छोटे गट केले, गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कमी व्याजाचं कर्ज मिळवून दिलं. ऐकलंत? एकमेकींना जामीन! बचत गट हा शब्द आपल्या गावात यायच्या कितीतरी आधी खानावळवाल्या बायकांनी तो करून दाखवला. प्रेमाताईंना पुढे २००२ साली पद्मश्री मिळाली.

आमच्या आत्या त्यात गेल्या नाहीत. शेजारच्या चाळीतल्या दोघी गेल्या होत्या, त्यांनी बोलावलंही होतं. पण घरात म्हणाले, "बाईमाणसानं बँकेच्या कागदावर सही कशाला करायची?" आत्या थांबल्या. मग सावकार आला आणि पाटल्या गेल्या. मी कुणाला नावं ठेवत नाही. मामंजी सरळ माणूस होते, काळच तसा होता. पण आपल्या गटात एखादी नवी बाई सही करायला कचरते ना, तेव्हा मला त्या पाटल्या आठवतात.

अशीच गिरगावची गोष्ट. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. तोच आजचा लिज्जत पापड. त्यात काम करणाऱ्या बायका एकमेकींना बहीण म्हणतात आणि बहीणच मालकीण असते. पापड तर आपणही लाटतो. त्यांनी तो मोजला, तोलला, त्याची किंमत लावली आणि वहीत लिहिला.

आता बाई बाहेर बसून खाते का, याकडे येते. पूर्वी मुंबईतसुद्धा बाईनं हॉटेलात बसणं बरं दिसत नव्हतं. नाक्यानाक्यावर इराण्यांची हॉटेलं होती. धोबी तलावचं कयानी १९०४ सालापासूनचं, ते अजून चालू आहे. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चहा आणि ब्रून मस्का. अशा हॉटेलांतून मागच्या बाजूला किंवा माळ्यावर 'फॅमिली रूम' असायची. बायका-पोरांना घेऊन येणाऱ्यांनी तिथे, आडोशाला बसायचं. पुढची टेबलं पुरुषांची. एकटी बाई येऊन चहा मागवते, हे फार थोड्या ठिकाणी दिसायचं.

आज हे बदललंय. दादरला फुलबाजारात पहाटे फुलं घ्यायला आलेली बाई उपाहारगृहात बसून चहा आणि उपमा खाते. परळच्या केईएममधल्या नर्सबाई रात्रपाळी संपवून चौघी मिळून डोसा खातात. आमच्या गटाच्या बायका बँकेचं काम झालं की मिसळ मागवतात, आणि प्रत्येक जण आपापले पैसे देते. कुणी वळून बघत नाही.

केईएमचं नाव निघालं म्हणून एक कामाची गोष्ट सांगते. आपल्या गावातून केईएमला किंवा टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन पुष्कळ जण येतात. दोन्ही परळमध्ये, जवळजवळ. बरोबर आलेली बाई बहुतेक उपाशी असते. पेशंटला पेज, नवऱ्याला वडापाव आणि स्वतःला नुसता चहा. मैत्रिणींनो, असं करू नका. त्या भागात पोळीभाजी केंद्रं आहेत, बऱ्याचशी बायकाच चालवतात, साधं घरच्यासारखं जेवण मिळतं. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या पेशंटांची आणि नातेवाइकांची सोय होते. जायच्या आधी चौकशी करून, हॉस्पिटलचे कागद बरोबर घेऊन जा. आणि बसून जेवा. पेशंटला सांभाळायचं तर तुमच्या अंगात ताकद पाहिजे.

आता सण. आमच्याकडे सणाला घरातलं आणि रस्त्यावरचं असं वेगळं नसतंच. गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते, नऊवारी नेसून, नथ घालून पोरी मोटारसायकलवर बसतात. घरी श्रीखंड-पुरी. आपल्याकडे चक्का घरी टांगतात, आमच्याकडे सकाळपासून दुधाच्या डेअरीसमोर रांग. एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत वर्षाचा मसाला करायला लांबून लांबून बायका येतात. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशी मिरची निवडायची, मसाला भाजून घ्यायचा आणि आपल्या डोळ्यांसमोर डंखावर कुटून घ्यायचा. नाकातोंडातून पाणी येतं, पण कुणी जागचं हलत नाही. मसाला बदलला तर काय घ्या! तिथे कोकणातली बाई, घाटावरची बाई, आगरी बाई एकमेकींचं प्रमाण विचारतात.

आणि मग गणपती. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली बसला. आमच्या भागात चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासून, गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासून, लालबागचा राजा १९३४ पासून. या दहा दिवसांत आमच्या रस्त्यावर रात्र होतच नाही. रांगेत माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा तास उभी असतात. त्यांना चहा लागतो, वडा लागतो, उपासवाल्यांना खिचडी लागते. आमच्या गटाच्या बायका त्या दहा रात्री पाळ्या लावून स्टॉल चालवतात. वर्षभराच्या शाळेच्या फीची सोय कित्येकींनी त्यातून केली आहे.

पण घरातला गणपती आणि गौर? तिथेच आमचं भांडण झालं.

आमच्याकडे गौरी जेवतात त्या दिवशी पुरणपोळी असते. चाळीतले, भावकीतले मिळून चाळीस माणसं पंगतीला. सात वर्षांपूर्वी मी पोटुशी होते, सातवा महिना. पहाटे चारला पुरण शिजायला घातलं. पाट्यावर नाही, पुरणयंत्रातून काढलं, पण डाळ तीन किलो. पोळ्या, आमटी, भाजी, भजी, कोशिंबीर. आत्यांचे गुडघे दुखतात, तरी त्या माझ्या बरोबरीने. पंगती उठत गेल्या. "वहिनी, पोळी काय झालीय!" म्हणत माणसं हात धुवायला गेली. दुपारी चार वाजता आम्ही दोघी बसलो, तेव्हा माझे पाय सुजून चपलेत जात नव्हते आणि भूक मेली होती. त्या वेळी मी काहीच बोलले नाही. सण होता.

पुढच्या वर्षी लेक सात-आठ महिन्यांची. मी कुणाला न विचारता समोरच्या चाळीतल्या बचत गटाला साठ पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली. नैवेद्याच्या पाच पोळ्या घरी करू, बाकीच्या त्यांच्याकडून. सकाळी डबा घेऊन त्या बायका आल्या आणि आत्यांचा चेहरा उतरला. "गौरीला विकतचं?" एवढंच म्हणाल्या. पंगतीत वाढत होत्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी विसर्जनालाही नाही. मला रडू येत होतं. न विचारता केलं, ही माझी चूक होती. पण केलं ते चूक होतं का, हे मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या गटाच्या ताई पैसे न्यायला आल्या. पोळी २० रुपयांना दिली होती. आत्यांनी त्यांना बसवलं आणि विचारायला लागल्या. डाळ किती घातली, गूळ किती, तूप कुठलं, किती जणी बसलात, कितीला उठलात. त्या ताई सांगत होत्या, दोघी पहाटे चारला उठलो. आत्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "बाई, २० नी तुला परवडत नाही. तू फुकट लाटलीस."

त्या ताई गेल्यावर आत्या बराच वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, "मी बारा गड्यांना पंधरा-सोळा वर्षं घातलं. त्यांच्याकरता ते विकतचंच होतं की. सणाला त्यांना गोड करून घालायचे, तेव्हा माझ्या मनात कधी आलं नाही की हे विकतचं आहे म्हणून खोटं आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी मला विचारत जा. घर माझंही आहे." मी "हो" म्हटलं. आणि आजपर्यंत विचारते.

त्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला, म्हणजे कागदावर लिहिलेल्या तारखेला, आम्ही त्यांना दादरच्या एका उपाहारगृहात नेलं. चाळीसच्या वर वर्षं मुंबईत काढलेली बाई पहिल्यांदा हॉटेलात खुर्चीवर बसली. आधी पदर सारखा करत होत्या. वेटरनं पाणी आणून ठेवलं तर उठून त्याला मदत करायला निघाल्या. थालीपीठ आलं, वर लोण्याचा गोळा. त्यांनी एक घास घेतला आणि नातीला म्हणाल्या, "भाजणी बरी आहे. धने जरा कमी पडले." मग पाटीवरची किंमत वाचून घेतली आणि मला विचारलं, "यात करणारणीचे हात धरलेत का गं?" मी म्हटलं, "आत्या, इथे सगळं धरतात. जागेचं भाडं, लाइट, वेटरचा पगार, आचाऱ्याचा पगार, मालकाचा नफा." त्या म्हणाल्या, "मी फक्त पीठ-मीठ-रॉकेल धरायची. माझे हात वहीत कधी लिहिलेच नाहीत."

मैत्रिणींनो, हे वाक्य मला आज तुमच्यासाठी आणायचं होतं. तेव्हा आता कागद-पेन्सिल घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोटांवर धरा.

समजा तुमच्या गटाला ६० पुरणपोळ्यांची ऑर्डर आली. भाव प्रत्येक गावात वेगळे, तुम्ही तुमचे घाला. समजा डाळ, गूळ, कणीक, तूप, वेलची मिळून लागले ७८० रुपये. गॅस ९०. डबे, कागद आणि पोचवायची रिक्षा ९०. झाले ९६०. म्हणजे पोळीला १६ रुपये. आता २० ला विकली तर आले १२००. उरले २४०. आपण म्हणतो, वा, २४० रुपये नफा! पण दोघी जणी चार-चार तास राबल्या. आठ तास. २४० भागिले ८ म्हणजे तासाला ३० रुपये. खुरपायला गेलात तर तुम्हाला किती मिळतात ते मनात धरा आणि ताडून बघा. तीच पोळी २५ ला विकली तर आले १५००, उरले ५४०, म्हणजे तासाला साडेसदुसष्ट रुपये. पाच रुपयांनी बाईच्या तासाची किंमत दुपटीच्या वर गेली. तेव्हा किंमत सांगताना लाजू नका. "घरीच तर केलंय" हे वाक्य तोंडातून काढून टाका. घरी केलं म्हणूनच तर लोक मागतात.

आज मुंबईत या हातांना मागणी आहे. दिवाळीत भाजणीची चकली, करंजी, अनारसे यांच्या ऑर्डरी महिनाभर आधी लागतात, परदेशातल्या लेकी-सुनांना फराळाची पार्सलं जातात. उकडीचे मोदक गणपतीत पुरत नाहीत. मला स्वतःला कळीदार मोदक शेजारच्या सिंधुदुर्गच्या काकूंनी शिकवले, कारण आपल्याकडे कणकेचे करतात. उमेद अभियानाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावोगावचे गट येतात, त्यांच्या मांड्यांपुढे आणि पिठलं-भाकरीपुढे मुंबईकरांची गर्दी बघायची असेल तर एकदा याच. स्वच्छता ठेवा, अन्नपदार्थ विकायचे तर लागणारी सरकारी नोंदणी करून घ्या, पाकिटावर तारीख लिहा, आणि वहीत आपले तास लिहा.

आता काकींच्या प्रश्नाचं उत्तर. होय काकी, आमच्या मुंबईत सणाला पुरणपोळी विकत आणतात. सगळ्या नाही, पण पुष्कळ जणी. त्यात प्रेम कमी होतं का? मला विचाराल तर नैवेद्याच्या पाच पोळ्या आत्या आणि मी आजही घरी करतो, त्या लाटताना आम्ही बोलतो, हसतो. साठ लाटताना बोलायला श्वास राहत नव्हता. आणि विकत आणणंच बरोबर, असंही मी म्हणत नाही. ज्यांना घरी करायचं आहे त्यांनी जरूर करा. फक्त एकटीनं नाही. घरातल्या पुरुषांनी डाळ शिजवावी, पुरण वाटावं, पंगत वाढावी. आमचे हे आता वाढतात. पहिल्या वर्षी आमटी सांडली, आता सांडत नाही.

शेवटी दोन कामं सांगते. गौरी पंधरा दिवसांवर आल्यात. या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी ती किती वाजता उठली आणि किती वाजता जेवली. सचिवताईंनी ते वहीत लिहायचं. दुसरं, यंदा ज्यांच्या घरी गौर जेवेल, तिथे एक पंगत राबणाऱ्या बायकांची पहिल्यांदा बसवा. नैवेद्य झाला की लगेच. गौर ही माहेरवाशीण म्हणून येते ना? मग तिच्याबरोबर घरातल्या सुनेनंही गरम खायला काय हरकत आहे?

आमच्याकडे दोन वर्षं झाली, पहिल्या पंगतीत आत्या बसतात. पहिल्या वर्षी "नको नको" केलं. यंदा माझ्या लेकीनं आत्ताच त्यांचा पाट ठरवून ठेवलाय.

तुमच्या वहीत काय लिहिलं गेलं ते रेडिओवरच्या ताईंना जरूर कळवा.